पायगाडीचा मान

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम त्या गावच्या सनदा शोधतो, मग देवालये, मग वेस आणि गढी. आणि आधुनिक काळापाशी येऊन पोचला म्हणजे रेल्वेचे स्टेशन. खानदेशातील सावद्याचा इतिहास कोणी लिहू लागला तर त्यात केळीच्या बागा येतील, भुसावळ-खांडवा लोहमार्ग येईल, शेजारच्या फैजपुरास भरलेले काँग्रेसचे अधिवेशन येईल. परंतु बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने भल्या सकाळी डबा आणि विळा बांधून बागेकडे निघालेला मजूर ज्या वाहनावर बसलेला असे, ते वाहन त्या इतिहासात यावयाचे नाही. रोज डोळ्यांपुढे असणाऱ्या वस्तूस बखरीत जागा नसते, हा नियमच होय.

ही उणीव भरून काढणे हा या लेखाचा हेतू नाही. एका लेखात ते होण्यासारखेही नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या सुशिक्षित समाजाने सायकलीला कधी डोक्यावर घेतले आणि कधी पायरीखाली उभे केले. आणि मानापमानाच्या या चढउताराचा तिच्या उपयोगाशी फारसा संबंध नव्हता. तो कशाशी होता, आणि त्याची किंमत अखेर कोणाला द्यावी लागली, हे पाहू लागले म्हणजे या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयात आपलीच ओळख आपणांस पटू लागते.

सायकलीचा जन्म युरोपातला. सन १८१७ मध्ये जर्मनीतील बाडेन संस्थानात वनखात्यावर असलेल्या कार्ल ड्राईस नावाच्या सरदाराने मानहाइम येथे दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते. तिच्यावर बसून जमिनीला पाय मारीत पळावयाचे. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पायडल बसविण्यात आले. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होत असल्यामुळे वेग हवा तर चाक मोठे केल्यावाचून गती नव्हती. त्यातून पुरुषभर उंचीच्या चाकाची ती विचित्र गाडी निघाली. तिच्यावरून पडणारा मनुष्य बहुधा डोक्यावरच पडे. अशा वाहनावर बसणे हे धाडसी, रिकामटेकड्या आणि पैसेवाल्या तरुणांचेच काम होते; स्त्रियांचे, वृद्धांचे किंवा वेळेवर कामावर जाणाऱ्यांचे नव्हे.

हा पेच सुटला तो एका साखळीने. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन स्टार्ले याने १८८५ मध्ये सारख्या आकाराच्या दोन चाकांची गाडी काढली आणि पायडलाचा जोर साखळीने मागच्या चाकाकडे नेला. पुढची दाती मोठी, मागची लहान. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे अनेक फेरे. चाकाची उंची वाढविण्याचे कारणच उरले नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये राहणाऱ्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. साखळी आणि हवा या दोन गोष्टी जुळताच जे यंत्र तयार झाले त्याच्या मूळ स्वरूपात आजतागायत विशेष फरक झालेला नाही. चालण्यास जितकी शक्ती लागते तिच्या सुमारे एक-पंचमांश शक्तीत मनुष्य सायकलीवरून तेवढेच अंतर तोडतो, आणि तेही तिप्पट-चौपट वेगाने. मनुष्याच्या अंगच्या बळाचा इतका काटकसरीने उपयोग करणारे दुसरे वाहन निघालेले नाही.

असे हे वाहन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत आपल्याकडे आले, तेव्हा आपल्या लोकांनी त्याचे नाव पायगाडी असे ठेवले. महाराष्ट्रात त्याचा पाय कसा रोवला गेला याची एक कथा उद्योगाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना ते तेथून सायकली घेऊन बेळगावास आपल्या बंधूंकडे, म्हणजे रामुअण्णांकडे, धाडीत. आणि रामुअण्णा त्या विकून शिवाय घेणाऱ्यास चालविण्यास शिकवीत. सायकलीची किंमत सातशेपासून हजार रुपयांपर्यंत, आणि शिकविण्याची फी पंधरा रुपये! पुढे लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली, बेळगावास दुकानाचा व्याप वाढला, आणि लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे करता करता १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्रातील एका मोठ्या यंत्रोद्योगाचे मूळ असे एका सायकलीच्या दुकानात आहे.

परंतु आम्हांस येथे उद्योगापेक्षा किमतीचा आकडा महत्त्वाचा वाटतो. सातशे रुपये ही रक्कम त्या काळच्या साध्या कारकुनास वर्षभर पोट बांधूनही शिल्लक टाकता आली नसती. अर्थात पायगाडी होती ती साहेबाची, संस्थानिकाची, नामांकित वकील-डॉक्टरांची. ती रस्त्यातून गेली म्हणजे लोक ओट्यावर येऊन पाहत. तिच्यावर बसणे हे आजच्या भाषेत बोलावयाचे तर मोटारीत बसण्यापेक्षाही मोठे होते.

या मानाला आणखी एका गोष्टीने जोड दिली. ती म्हणजे प्रवासाचे पराक्रम. टॉमस स्टीव्हन्स हा उंच चाकाच्या गाडीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता १८८६ मध्ये पंजाबातून कलकत्त्यापर्यंत गेला होता. फॅनी वर्कमन ही अमेरिकन बाई आणि तिचे पती यांनी शतकाच्या अखेरीस या देशात हजारो मैल सायकलीवरून हिंडून देवालये पाहिली आणि त्यावर ग्रंथ लिहिला. पण आपल्या लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट घडली ती सन १९२३ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या फेरीस निघाले. इराणचे डोंगर, इराकचे वाळवंट, आल्प्सचे घाट, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा प्रवास करीत मार्च १९२८ मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा सहांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघेच उरले होते. चव्वेचाळीस हजार मैलांचा तो प्रवास होता. त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यास प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची. आणि आपणांस या तरुणांचा एक प्रकारे हेवा वाटतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तीत काढले आहेत.

हेच नेहरू पुढे पाच वर्षांनी सावद्याच्या परिसरात आले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपुरास भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. लाखो माणसे आली. सावदा हे अधिवेशनाला जवळचे स्टेशन. तेथपर्यंत आगगाडीने आणि तेथून पुढे बैलगाडीने अथवा पायी, असा बहुतेकांचा क्रम होता. अध्यक्षांची मिरवणूकही नंदलाल बोस यांच्या कल्पनेने सजलेल्या बैलांच्या रथातूनच निघाली. त्या रथाचे वर्णन आमच्या भागात अजून कौतुकाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्या दृश्यात दुसरेही काही दिसते. मुंबईहून शेकडो मैल येण्यास अध्यक्षांना एक रात्र पुरते. पण स्टेशनापासून अधिवेशनापर्यंतचे थोडके अंतर मात्र पेशवाईत जसे तोडीत तसेच तोडावे लागते.

आमच्या मते आमच्या भागातील सायकलीचा खरा इतिहास येथून समजू लागतो. लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकात भुसावळावरून खांडव्याकडे गेला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता या दोन टोकांची सलग गाठ पडली. या मार्गाने सावद्याची केळी पुढे थेट दिल्लीच्या बाजारात नेली. रेल्वेने मुंबई जवळ आणली, दिल्ली जवळ आणली. पण स्टेशन मात्र दूरच ठेवले. लोहमार्ग काढणाऱ्यांनी सरळ रेषा पाहिली, गावे पाहिली नाहीत. शाळेचे, कचेरीचे, दवाखान्याचेही तसेच झाले. नव्या युगाने ज्या ज्या सोयी आणल्या त्या सगळ्या गावापासून कोस-दोन कोसांवर येऊन थांबल्या. हे कोस-दोन कोस म्हणजे चालण्यास फार आणि गाडी जुंपण्यास थोडे. बैल शेतात हवे असतात. चालत जावे तर सकाळ जाते. या मधल्या अंतराला आमच्याकडे उत्तर मिळाले ते सायकलीच्या रूपाने. तापीकाठची सपाट जमीन तिला अनुकूल. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात बसून चाक जाम होई आणि स्वारच सायकलीला खांद्यावर घेई, एवढी एकच काय ती अडचण.

अर्थात त्यासाठी किंमत उतरावी लागली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलावर नियंत्रण आले तेव्हा शहरांतील पुष्कळांना सायकलीची नव्याने आठवण झाली. १९४२ च्या आरंभी जपानी फौजांनी मलायातून सिंगापुराकडे मुसंडी मारली तीही मोठ्या प्रमाणात सायकलींवरून, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून लोक चकित होऊन वाचीत. स्वातंत्र्यानंतर सोनपत, आसनसोल, मद्रास आणि लुधियाना येथे मोठे कारखाने निघाले आणि परदेशी सायकलीची मिरास संपली. शिक्षक, पोस्टमन, तलाठी, दूधवाला, रेल्वेतला फिटर, सगळे सायकलीवर आले. नगरपालिका दरवर्षी कर घेऊन पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला देई. रात्री दिवा नसला किंवा दोघे बसले तर पोलीस हटकी. लग्नाच्या बैठकीत घड्याळ आणि सायकल यांवरून वरपक्ष रुसून बसे. आमच्या पिढीने भाड्याची सायकल तासाच्या हिशेबाने घेऊन, दांडीखालून पाय घालून, कैची मारीत शिकण्याचा उद्योग केला, आणि गुडघ्यावरच्या त्या खुणा अजून आम्ही बाळगून आहोत.

हा काळ, म्हणजे सुमारे १९५० ते १९८०, हा सायकलीचा सर्वांत उपयोगाचा काळ. परंतु मानाचा नव्हे. जी वस्तू गड्याकडेही आहे ती मालकाला मिरविता येत नाही. पुणे शहर सायकलींचे शहर म्हणून गाजले, आणि त्याच पुण्यात स्कूटरचे कारखाने निघून त्यांनी त्या सायकली हळूहळू रस्त्यावरून काढल्या, हा एक विलक्षण योग आहे. १९७२ मध्ये पुण्याच्याच कायनेटिक कंपनीने लुना काढली. तिला पायडल होते, पण ते बहुधा गाडी सुरू करण्यापुरतेच लागे! मध्यम वर्गाने सायकलीचा निरोप किती संकोचाने घेतला याचे ते पायडल म्हणजे चिन्हच होय. पुढे तोही संकोच राहिला नाही. प्राध्यापकाची जागा मिळाल्यावर आम्ही स्वतः प्रथम जी गोष्ट केली ती म्हणजे सायकल धाकट्या भावाकडे देऊन दुचाकी घेतली. कोणी आग्रह केला नव्हता. विद्यार्थी काय म्हणतील, एवढाच विचार मनात होता.

२०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, तर स्कूटर-मोटारसायकल सुमारे २१ टक्के घरांत. म्हणजे नव्या शतकातही सायकल नाहीशी झालेली नव्हती. ती फक्त आपल्या दृष्टीआड झाली होती. जो वर्ग लिहितो, नकाशे काढतो, रस्त्यांची अंदाजपत्रके करतो आणि सभांतून बोलतो, तो तिच्यावरून उतरला होता. आणि यापुढची गोष्ट सांगावयाची म्हणजे आम्हांस थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात जवळच्या एका खेड्यातील मुलगी होती. दोन कोसांवरून जुन्या सायकलीने येई, हुशार होती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती येईनाशी झाली. पुढे आठवड्याच्या बाजारात तिचे वडील भेटले. थोरल्या मुलाला मोटारसायकल घेऊन दिल्याचे त्यांनी आनंदाने सांगितले. मुलीबद्दल विचारले तेव्हा त्यांचा स्वर उतरला. ते म्हणाले, ‘‘सर, त्या रोडानं पोरीले एकटीले कसं धाडू? ट्रक कसे पयतात, पाहाता ना तुम्ही!’’ आम्ही मान डोलावली आणि केळीच्या भावाविषयी बोलू लागलो. परत निघालो ते आमच्या मोटारीतून, त्याच रस्त्याने.

त्या गृहस्थांचे काही चुकले असे आम्ही आजही म्हणणार नाही. ट्रक खरोखरच पळत होते. परंतु त्यांच्या वाक्यातील ‘एकटी’ हा शब्द मात्र आमच्या मनातून गेला नाही. आमच्या लहानपणी त्याच रस्त्याने हेडमास्तर सायकलीवरून जात, पोस्टमन जाई, शाळेतल्या मुलांची रांगच्या रांग जाई. त्या वेळी तेथून जाणारी मुलगी एकटी नसे. आणि ट्रकवाल्यालाही त्या गर्दीची दखल घ्यावी लागे. तिला एकटे पाडले ते ट्रकने नव्हे. तिच्या आजूबाजूने जाणारी माणसे एकेक करून सायकलीवरून उतरली म्हणून ती एकटी पडली. आणि त्या उतरणाऱ्यांत सर्वांत पुढे आमच्यासारखे शिकलेले लोक होते.

सायकल आणि स्त्री यांचा संबंध नवा नाही. स्त्रियांच्या मुक्ततेसाठी जगातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा सायकलीने अधिक केले, अशा आशयाचे मत अमेरिकेतील मताधिकाराच्या चळवळीच्या पुढारी सुझन अँथनी यांनी १८९६ मध्येच व्यक्त केले होते. आपल्याकडे त्याचा पुरावा फार उशिरा, पण आकड्यांसह मिळाला. बिहार सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. मुरलीधरन आणि प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून असे दाखविले की, त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. आणि हा परिणाम मुख्यतः ज्या खेड्यांपासून शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती तेथे दिसला. तेच ते कोसभर अंतर! आणखी एक गोष्ट अशी की, खेड्यातील बऱ्याच मुली एकदमच सायकलीवरून जाऊ लागल्यामुळे त्यांना एकमेकींची सोबत झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात.

इकडे सुशिक्षित वर्गात सायकलीचा मान पुन्हा वाढू लागला आहे. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुण मुलीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९२३ च्या त्या सहा तरुणांचा वारसा असा पुढे चालला आहे, आणि तो आनंदाचा विषय आहे. त्यांच्या उदाहरणाने जिल्ह्याच्या गावांतूनही डॉक्टर-वकील मंडळी रविवारी पहाटे शिरस्त्राण घालून बाहेर पडू लागली आहेत.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. या नव्या सायकलींची किंमत पुष्कळदा मोटारसायकलीहून अधिक असते. म्हणजे रामुअण्णांच्या दुकानातील सातशे रुपयांची पायगाडी पुन्हा अवतरली आहे, आणि तिच्याबरोबर तिचा मानही. मध्यंतरी आम्ही धाकट्या भावाकडून आमची जुनी सायकल परत आणली आणि हवा भरण्यास नेली, तेव्हा दुकानदाराने विचारले, ‘‘काय सर, मोटार बिघडली का?’’ तीच सायकल लाखाची असती तर हा प्रश्न त्याने विचारला नसता. आपण शंभर वर्षांत सायकलीला मान दिला असे वाटते. वस्तुतः आपण दर वेळी तिच्या किमतीलाच मान देत आलो.

रविवारची सायकल ही प्रकृतीसाठी असते. तिने रस्ता बदलत नाही. रस्ता बदलतो तो सोमवारच्या सायकलीने, म्हणजे जी शाळेस, कचेरीस, बाजारास वेळेवर पोचण्यासाठी निघते तिने. ज्या दिवशी मास्तर, डॉक्टर आणि कारकून पुन्हा त्या वेळी त्या रस्त्यावर दिसतील, त्या दिवशी रस्ता बांधणाऱ्यांनाही कडेची हातभर जागा सोडण्याचे सुचेल. हे घडण्यास पुष्कळ वर्षे लागतील हे आम्ही जाणतो, आणि बाजारात मान डोलावून गप्प राहिलेल्या मनुष्याने दुसऱ्यांस उपदेश करणे शोभतही नाही. तथापि वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली एखादी सायकल धूळ खात असेल त्यांनी ती उतरवून कोसभर कामासाठीच न्यावी, एवढी आमची विनंती आहे. वाटेत दप्तर अडकवून जाणारी एखादी मुलगी भेटलीच, तर त्या रस्त्यावर तेवढा वेळ तरी ती एकटी असणार नाही.